शिस्त आधी, वेग मागून

पोरी,

रविवारी तू रेंजवरून आलीस, पिशवी ओट्यावर ठेवलीस आणि ताटावर बसायच्या आधीच म्हणालीस, ‘आबा, प्रिसिजनला २७६ आले, पण रॅपिडला २५१. माझा वेग कमी पडतोय. वेग कसा वाढवायचा, ते सांगा.’ मी तेव्हा एवढंच म्हणालो, की आधी जेव. उत्तर येत नव्हतं असं नाही, पण ते दोन वाक्यांत मावणारं नव्हतं. फौजेत बरीच वर्षं मी पोरांच्या हाती हत्यार दिलं आणि ते कसं धरायचं ते शिकवलं. माझ्या उस्तादांनी मला दिलं ते मी त्यांना दिलं. तेच आता तुला लिहून देतो. जळगाव-धुळ्याकडची बरीच पोरं-पोरी एनसीसीच्या रायफलीवरून पिस्तुलाकडे वळताना दिसतात. त्यांच्याही कामी यावं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी उत्तर ऐक. तुझा वेग कमी पडत नाही, तुझा वेळ वाया जातो.

तुझी पणजी आखाजीला खापरावर मांडे करायची. पुरणाचा उंडा दोन्ही हातांवर घ्यायची, मनगटापासून कोपरापर्यंत खेळवत न्यायची आणि बघता बघता परातीएवढा झालेला मांडा उलट्या खापरावर टाकायची. शेजारणीचा एक होईपर्यंत तिचे दोन व्हायचे. लहानपणी मला वाटायचं, आईचे हात भराभर चालतात. एकदा चुलीजवळ बसून नीट पाहिलं, तर हात अगदी शांत होते. फक्त कुठलीही हालचाल तिला दुसऱ्यांदा करावी लागत नव्हती. उंडा हातावर आला तो सरळ खापरावर गेला, मध्ये कुठे थांबणं नाही, सावरणं नाही. पिस्तुलातला वेग तो हाच. म्हणून खाली जे सांगतोय त्यातलं निम्म्याहून जास्त हळू करायचं आहे. ते वगळून पुढच्या भागाकडे धावू नकोस.

पहिला कानमंत्र : खाली आहे असं मानायचं नाही, बघायचं

मी नवा होतो तेव्हाची गोष्ट. उस्तादांनी पिस्तूल खाली करायला सांगितलं. मी आधी स्लाइड मागे ओढली, आतली गोळी बाहेर पडली, स्लाइड सोडली आणि मग मॅगझिन काढलं. ‘खाली आहे, उस्ताद,’ असं ठणकावून सांगितलं. त्यांनी पिस्तूल हातात घेतलं, स्लाइड ओढली, आणि चेंबरमधून दुसरी गोळी उडून माझ्या बुटावर पडली. मॅगझिन आत असताना स्लाइड सोडली की पुढची गोळी वर चढतेच, हे मला माहीत होतं. हातांना मात्र ते माहीत नव्हतं. उस्ताद रागावले नाहीत. त्यांनी ती गोळी दिवसभर माझ्या शर्टाच्या खिशात ठेवायला लावली. ते ओझं मी अजून विसरलो नाही.

म्हणून आधी मॅगझिन, मग स्लाइड, मग डोळ्यांनी चेंबर बघायचं आणि मग चेंबरमध्ये रंगीत सेफ्टी फ्लॅग घालायचा. पिस्तूल दुसऱ्याच्या हातात देताना बघायचं आणि दुसऱ्याकडून घेताना पुन्हा बघायचं. नळीचं तोंड कायम टार्गेटच्या दिशेला, आणि शिस्त, म्हणजे नेम, घेईपर्यंत बोट चापाच्या बाहेर.

घरी कोरडा सराव करशील तेव्हा त्या खोलीत छर्रा किंवा गोळी नावालाही नको. डबी दुसऱ्या खोलीत, कपाटात, कुलपात. समोर भक्कम भिंत हवी. दार किंवा खिडकी नको, आणि भिंतीपलीकडे कुणी वावरत असेल ती भिंतही नको. धाकट्या भावाला सांगून ठेव, की ताईचा सराव चालू असताना आत यायचं नाही. सराव संपला की तोंडाने म्हण, ‘संपला.’ मग ‘आता शेवटचा एक’ म्हणून पुन्हा पिस्तूल उचलायचं नाही. अपघात होतात ते बहुतेक त्या शेवटच्या एकानेच.

दुसरा कानमंत्र : हात वळवू नकोस, पाय हलव

जागेवर उभी राहा. पिस्तूल उचल, शिस्त घे आणि डोळे मीट. दोन श्वास घे, हात सैल सोडू नकोस पण त्याला कुठे नेऊही नकोस. आता डोळे उघड. साइट टार्गेटवरच्या काळ्याच्या डावीकडे गेली असेल तर शरीर तुला सांगतंय, की माझी नैसर्गिक दिशा ही आहे. अशा वेळी सगळे मनगट वळवून साइट मध्ये आणतात. तसं करू नकोस. मागचा पाय बोटभर सरकव आणि पुन्हा डोळे मीट. डोळे उघडल्यावर साइट आपोआप मध्ये दिसेपर्यंत हे करत राहा.

हे का, तर मनगट वळवून आणलेली शिस्त स्नायू धरून ठेवतो, आणि रॅपिडच्या तीन सेकंदांच्या घाईत स्नायू आपल्या मूळ जागी पळतो. रॅपिडला तुझे दोन-तीन वार नेहमी एकाच बाजूला जात असतील तर आधी पाय तपास. पायांची जागा सापडली की रेंजवर तिथे खडूची खूण कर. घरी सरावाच्या जागी तेलरंगाच्या दोन रेघा मीच मारून देतो.

तिसरा कानमंत्र : मजबूत पकड

फौजेत आणि एनसीसीत गोळीबाराचे तीन उसूल सांगतात : मजबूत पकड, दुरुस्त शिस्त, सही ट्रिगर ऑपरेशन. तू ते हजार वेळा ऐकले असतील. त्यातल्या ‘मजबूत’चा अर्थ पोरं ‘आवळून’ असा घेतात. बैलाचा कासरा आठव. फार ओढलास तर बैल अडतो, सैल सोडलास तर रान धरतो. हाताचा दाब पुढून मागे, सरळ रेषेत हवा. अंगठा आणि करंगळी नुसती टेकलेली. दाब किती, यापेक्षा दाब दर वेळी तेवढाच आहे का, हे महत्त्वाचं.

सराव असा. पिस्तूल टेबलावर ठेव. डाव्या हाताने उचलून उजव्या हातात नीट बसव, डोळे मिटून उचल, डोळे उघड. फोरसाइट, म्हणजे पुढची साइट, मागच्या खाचेच्या अगदी मध्ये, वरच्या कडा एका पातळीत, असं दिसलं तर पकड बरोबर. नाही दिसलं तर मनगट हलवून दुरुस्ती करू नकोस. पिस्तूल ठेव आणि पकड पुन्हा घे. रोज दहा वेळा. महिनाभरात साइट हातातून जुळूनच वर येऊ लागेल. रॅपिडमध्ये तुझा अर्धा सेकंद कुठे जातो माहीत आहे? वर गेल्यावर साइट जुळवण्यात. तो इथे वाचतो.

चौथा कानमंत्र : दुरुस्त शिस्त

उस्ताद पहिल्यांदा ‘दुरुस्त शिस्त’ म्हणाले तेव्हा मी पाय जुळवून ताठ उभा राहिलो. मला वाटलं, ते माझ्या वागण्याबद्दल बोलतायत. ते नेम म्हणत होते. शब्द फारसीतून आलेला, आणि जुन्या मराठीतही ‘शिस्त धरणे’ म्हणजे नेम धरणेच होतं. पुढे आपण त्याला वळणाचा, वागणुकीचा अर्थ दिला. मला दोन्ही अर्थ एकच वाटतात. नेम ही डोळ्यांची शिस्त आहे.

आता हिशेब बघ. तुझ्या .२२ पिस्तुलावर पुढच्या आणि मागच्या साइटमधलं अंतर जास्तीत जास्त २२ सेंटिमीटर. पुढची साइट खाचेत एक मिलिमीटर सरकली, तर २५ मीटरवर गोळी ११ सेंटिमीटरहून जास्त सरकते. प्रिसिजनच्या कार्डावर दहाचं वर्तुळ ५० मिलिमीटरचं असतं. म्हणजे मधोमध जाणारी गोळी थेट सहात गेली. आणि साइट जुळलेली असताना तुझा अख्खा हात एक सेंटिमीटर डावीकडे डोलला, तर गोळीही एकच सेंटिमीटर सरकते. तो वार अजून दहातच आहे.

म्हणून हात डोलतो याची भीती सोड. हात सगळ्यांचाच डोलतो. तू काळ्याकडे बघतेस, डोलणं पाहून घाबरतेस आणि साइट सोडून देतेस. नजर फोरसाइटच्या टोकावर ठेव. टोक रेखीव, काळं धूसर. काळं रेखीव दिसू लागलं की समज, नजर पळाली.

याचा सराव कोऱ्या भिंतीवर. टार्गेट लावायचंच नाही. चुन्याच्या पांढऱ्या भिंतीसमोर उभं राहायचं, साइट जुळवायची आणि ती जरासुद्धा न हलता चाप ओढायचा. समोर काळं नसलं की डोळ्यांना पळायला जागा राहत नाही. रोज वीस वेळा. कंटाळा येईल, तरी कर. मी शिकवलेल्या पोरांत जे पुढे गेले, ते हा कंटाळा सोसलेले होते.

पाचवा कानमंत्र : चाप ओढायचा, झटकायचा नाही

२५ मीटर पिस्तुलाच्या चापाला किमान १००० ग्रॅमचं वजन पेलावं लागतं. स्पर्धेआधी वजन टांगून ते तपासतात. किराणा दुकानातलं किलोचं माप तुझ्या बोटाच्या पेरावर टांगलंय, असं समज. एअर पिस्तुलाला हेच वजन ५०० ग्रॅम. घरी एअर पिस्तुलावर सराव करून रेंजवर .२२ धरलंस की बोट फसतं. त्याला चाप अडकल्यासारखा वाटतो आणि ते झटका देतं. म्हणून रेंजवर गेल्या गेल्या गोळ्या भरू नकोस. आधी क्लबच्या पिस्तुलावर पंधरा-वीस कोरडे वार करून बोटाला किलोची आठवण करून दे. फक्त आधी विचारून घे. काही .२२ पिस्तुलांत रिकाम्या चेंबरवर चाप ओढला तर फायरिंग पिन चेंबरची कड खराब करते, त्यांना डमी गोळी घालावी लागते.

उजव्या हाताने मारणाऱ्याचे वार खाली डावीकडे जमा होऊ लागले, तर ती साइटची चूक नाही. स्क्रू फिरवू नकोस. तो झटका आहे. ते पकडायचे दोन सराव सांगतो.

एक, नाण्याचा. कोरड्या सरावात नळीच्या वर, फोरसाइटच्या मागे एक नाणं ठेव आणि चाप ओढ. नाणं पडता कामा नये. सलग दहा वेळा पडलं नाही की त्या दिवशीचा पाठ झाला. नववं पडलं तर पुन्हा एकपासून.

दुसरा, डमीचा. रेंजवर प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली मैत्रिणीला मॅगझिन भरायला सांग. पाचांत एक-दोन डमी, कुठे ते तुला न सांगता. डमीवर चाप ओढलास आणि पिस्तुलाचं तोंड खाली डुबकलं, तर ती डुबकी तू खऱ्या गोळीवरही घेतेस. धक्क्याने ती झाकली जाते इतकंच. मी मोठमोठ्या जवानांना या सरावात लाजताना पाहिलंय. त्यात लाजण्यासारखं काही नाही. आवाज होणार हे कळलं की शरीर दचकतं, तो त्याचा धर्म आहे. त्याला समजावून सांगायला वेळ लागतो.

सहावा कानमंत्र : वार झाल्यावरही शिस्त सोडू नकोस

चाप सुटल्यावर तू लगेच हात खाली घेतेस आणि मॉनिटरकडे बघतेस. गोळी सुटल्यावर एक सेकंदभर साइट जिथे होती तिथे पुन्हा बघ. मग मनात म्हण, ‘नऊ, दोन वाजता.’ म्हणजे घड्याळाच्या दोनच्या दिशेला नऊ. त्यानंतरच मॉनिटर बघ. आपला अंदाज आणि पडलेला वार जुळू लागले, की तू स्वतःचीच उस्ताद झालीस.

यासाठी वही कर. मोबाइल नको, वही. तीन रकाने : मी काय म्हटलं, काय पडलं, काय जाणवलं. गुणांचा रकाना करू नकोस. गुण तुला कुणीही सांगेल. ‘तिसऱ्या वाराला श्वास अडकला होता,’ हे तुझ्याशिवाय कोण सांगणार?

आठवड्यातून एकदा कार्ड उलटं लावून मार. कोऱ्या पांढऱ्या पाठीवर ना काळं, ना आकडे. दहा गोळ्या कुठेही जाऊ देत, फक्त एकमेकींजवळ जाऊ देत. गट मुठीएवढा झाला की तो दहावर सरकवणं स्क्रूचं काम, दोन मिनिटांचं. पसरलेला गट मात्र स्क्रूने आवळता येत नाही.

सातवा कानमंत्र : तीन सेकंदांचं वाटप

आता तुझा रॅपिड. लाल दिवा सात सेकंद, हिरवा तीन सेकंद, एक वार. पुन्हा सात, पुन्हा तीन. पाच वारांची एक मालिका, अशा सहा. लाल असताना हात ४५ अंशांपेक्षा वर नाही. हे नियम तुला पाठ आहेत. पण एक गोष्ट तू लक्षात घेतली नाहीस. प्रिसिजनच्या कार्डावर दहा ५० मिलिमीटरचा, रॅपिडच्या कार्डावर १०० मिलिमीटरचा. रुंदी दुप्पट, म्हणजे जागा चौपट. नियम करणाऱ्यांनी तुझ्याकडून वेळ घेतला आणि बदल्यात जागा दिली. तू वेळ गेल्याचं दुःख करतेस आणि मिळालेली जागा वापरत नाहीस. प्रिसिजनसारखा मधोमध ठिपका शोधत बसतेस, तीन सेकंद संपत येतात आणि मग बोट झटका देतं. २५१ तिथे झाले.

वाटप असं ठेव. हिरवा लागताच हात निघाला पाहिजे, आणि तो खांद्यातून निघाला पाहिजे, मनगटातून नाही. वर येता येताच चापाचा पहिला टप्पा बोटाने उचललेला हवा. पहिला सेकंद संपताना साइट काळ्याच्या बुडाशी. दुसऱ्या सेकंदात वेग आपोआप मंदावतो, नजर फोरसाइटवर बसते आणि बोट दाब वाढवत राहतं, थांबत नाही. अडीच सेकंदांच्या आसपास वार सुटतो. उरलेला अर्धा सेकंद कशासाठीच नाही, तो तुझ्या मनाला निवांतपणा म्हणून आहे. सगळं करून तो उरायला हवा.

हे बसवायला शिडी चढावी लागते. पहिला आठवडा वेळ लावूच नकोस. ४५ अंशांतून वर यायचं, कोरडा वार करायचा, हालचाल एकसंध झाली का बघायचं. दुसऱ्या आठवड्यात मोबाइलवर पाच सेकंदांचा इशारा लाव. तिसऱ्यात चार. चौथ्यात तीन. कुठल्याही पायरीवर साइट विस्कटू लागली तर एक पायरी खाली ये, त्यात कमीपणा मानू नकोस. वरच्या पायरीवर चुकीचा सराव केला तर चूकच पक्की होते, आणि पक्की झालेली चूक काढायला शिकण्याच्या दुप्पट दिवस लागतात.

घरी पाच मीटर जागा मिळते. पाच मीटर म्हणजे पंचवीसचा पाचवा भाग, म्हणून काळंही पाचव्या भागाचं हवं. रॅपिडचं काळं ५०० मिलिमीटरचं, त्याचं घरी १०० मिलिमीटर. प्रिसिजनचं २०० चं, त्याचं ४०. कंपासने काढ, काळ्या कागदाचे गोल काप आणि डोळ्यांच्या रेषेपेक्षा किंचित खाली चिकटव. रेंजवर दिसतं तेवढंच दिसेल.

सात सेकंदांचा लाल दिवाही वाया घालवू नकोस. मागचा वार सोडून द्यायला दोन सेकंद, एक श्वास आत, एक अर्धा बाहेर, पकडीची जाणीव, नजर फोरसाइट जिथे येणार त्या जागी. प्रत्येक वाराआधी हाच क्रम, तसाच. आपल्या पारोळ्याच्या बालाजीच्या रथाला आवर घालायला चाकाशी मोगरी लावणाऱ्यांना बघतेस ना? रथ धावू लागल्यावर ते काही ठरवत नाहीत. काय करायचं ते हातांना आधीच ठाऊक असतं.

पोरांच्या रॅपिड फायरमध्ये पाच टार्गेटं शेजारी शेजारी, मध्यापासून मध्यापर्यंत ७५ सेंटिमीटरवर. पाच वार आधी आठ सेकंदांत, मग सहा, मग चार. तिथे हात एका टार्गेटवरून दुसऱ्यावर नेला तर साइट तुटते. हात, खांदा, मान एकसंध ठेवून कमरेखालून वळायचं. विजय कुमार याच प्रकारात २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये रौप्य जिंकले. ते तेव्हा लष्कराचे जवान होते, महूच्या आर्मी मार्क्समनशिप युनिटमधले. आपल्या धुळ्यावरून जाणारा आग्रा रोड त्याच महूवरून पुढे जातो. जग फार लांब नाही, हे तुला कळावं म्हणून सांगितलं.

आठवा कानमंत्र : हुकलेला वार मागे सोड

कोल्हापूरच्या राही सरनोबतचं नाव तू रोज घेतेस. २०१३ मध्ये चांगवॉनच्या वर्ल्ड कपमध्ये २५ मीटर पिस्तुलाचं सुवर्ण तिने आणलं, तेव्हा वर्ल्ड कपमध्ये सोनं जिंकणारी ती पहिली भारतीय पिस्तूल नेमबाज ठरली. मला तिची २०१८ ची आशियाई स्पर्धेतली अंतिम फेरी जास्त आवडते. पालेमबांगच्या रेंजवर पन्नास वार. १०.२ किंवा वर लागला तरच गुण, नाहीतर शून्य. राही आणि थायलंडची नेमबाज, दोघी ३४ वर बरोबरीत. शूटऑफ झाला, त्यातही बरोबरी. दुसऱ्या शूटऑफमध्ये राही जिंकली आणि आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं वैयक्तिक सुवर्ण मिळवणारी पहिली भारतीय महिला झाली.

आता तो आकडा उलटा वाच. पन्नासातले चौतीस लागले, म्हणजे सोळा हुकले. सोळा वेळा शून्य पाहूनही ती सतराव्या वेळी तोच क्रम, तेवढ्याच शांतपणे करू शकली. तू एक सात पडला की उरलेली मालिका त्याला भरपाई म्हणून मारतेस. नेमबाजीत भरपाई नसते. तुझ्या मालिकेत दहाच्या वर आकडाच नाही, तर मागचं फेडणार कशाने?

याचा सराव मुद्दाम करता येतो. मालिका मारताना मैत्रिणीला सांग, मध्येच मोठ्याने बोल, खुर्ची पाड, ‘सात!’ म्हणून ओरड. तू फक्त पुढच्या हिरव्या दिव्याकडे बघ.

आणि कधी हात-खांदा दुखावला, मन खचलं, तर हंगेरीच्या कारोली ताकाचला आठव. १९३८ मध्ये हातबॉम्ब फुटून त्याचा उजवा हात, नेमाचा हात, निकामी झाला. त्याने डाव्या हाताने पहिल्यापासून सुरुवात केली आणि १९४८ च्या लंडनला आणि १९५२ च्या हेलसिंकीला रॅपिड फायरचं सुवर्ण घेतलं. कोऱ्या भिंतीसमोरचा कंटाळा त्याने दुसऱ्यांदा सोसला असेल. तुला तर एकदाच सोसायचा आहे.

नववा कानमंत्र : किती, केव्हा आणि कधी थांबायचं

रोज वीस ते पंचवीस मिनिटं कोरडा सराव पुरे. दोन तास केलास तर शेवटचा दीड तास थकलेल्या हाताला चुका शिकवण्यात जाईल. पकड आणि कोरी भिंत रोजचीच, पण सोमवार-गुरुवार फक्त तीच, मंगळवार-शुक्रवार नाणं आणि चाप, बुधवार-शनिवार तीन सेकंदांची शिडी, रविवारी रेंज. हात धरून ठेवायचा सराव वेगळा : पिस्तूल उचलून तीस सेकंद शिस्तीत, मग मिनिटभर विसावा, असं पाच वेळा. हात थरथरू लागला की त्या दिवसाचं संपलं.

खानदेशातल्या उन्हाळ्यात दुपारी सराव नकोच. पहाटे, धाब्यावरून गारवा उतरलेला असतो तेव्हा कर. घामाने पकड सरकते, म्हणून खिशात सुती फडकं ठेव. गोळीबार चालू असताना रेंजवर कानाला प्लग आणि डोळ्याला चष्मा असल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. गोळी-छर्रे शिशाचे असतात. रेंजवर खायचं नाही, आणि निघताना साबणाने हात धुतल्याशिवाय डब्याला हात लावायचा नाही. रविवारी तू ताटावर बसायच्या आधी माझं लक्ष तुझ्या गुणांपेक्षा तुझ्या हातांकडे होतं.

शेवटचा कानमंत्र : हत्याराची अब्रू

आपल्या गावात भुईकोट किल्ला आहे. १७२७ च्या सुमाराचा. झाशीच्या नेवाळकर घराण्याचं या पारोळ्याशी नातं होतं, म्हणून राणीचं नाव इथे घरच्यासारखं घेतात. पोरीच्या हातात हत्यार ही या गावाला नवी गोष्ट नाही. पण हत्यार हातात आलं म्हणून मान मिळत नाही. ते कसं सांभाळलं, यावर मिळतो. .२२ पिस्तूल परवान्याचं आहे. ते क्लबच्या रेंजवर, प्रशिक्षकासमोरच हातात घ्यायचं. तुझं एअर पिस्तूल ४.५ मिलिमीटरचं आणि कमी ताकदीचं, म्हणून त्याला परवाना लागत नाही. तरी ते खेळणं नाही. ते कुणावर रोखायचं नाही, गंमत म्हणूनही नाही. हातात धरून फोटो काढून मोबाइलवर फिरवायचा नाही. प्रवासात ते पेटीत, पेटी कुलपात, कागद सोबत. मैत्रिणी ‘दाखव ना’ म्हणाल्या तर त्यांना रेंजवर घेऊन ये, तिथे दाखव.

तर पोरी, उद्यापासून महिनाभर मला रॅपिडचे गुण सांगू नकोस. पहाटे पाच वाजता मी ओट्यावर असेन. एअर पिस्तुलाचं चेंबर उघडून दाखवून, फ्लॅग घालून माझ्यासमोर ये. आधी दहा वेळा पकड, मग वीस वेळा कोरी भिंत. वही मी शिवून ठेवली आहे, पहिल्या पानावर तीन रकाने आखले आहेत. पहिली ओळ तू लिही.